खालचा थर

५ मार्च

ही वही व्यायामाची आहे. हवालदारणीने दिली. हवालदारीण म्हणजे इथली व्यायाम करून घेणारी मुलगी. तिशीच्या आतबाहेरची असेल, पण आवाज असा की मेलेला उठून कवायत करेल. "रोज लिहायचं हं आजी. घोटे किती वेळा हलवले, पावलं किती चाललात, दुखलं तर किती." मी म्हटलं, आजी कोणाला म्हणतेस गं? तर म्हणाली, "बरं मॅडम, घोटे हलवा."

घोटे वीस वेळा. पावलं अकरा, वॉकर धरून दारापर्यंत आणि परत. दुखलं. किती ते काय सांगू, टेप लावून मोजता येत नाही.

उजवा खुबा नवा बसवून आज चौथा दिवस. नियम तीन: कमरेत खाली वाकायचं नाही, मांडीवर मांडी टाकायची नाही, पाय आत वळवायचा नाही. म्हणजे जन्मभर जशी बसले-उठले ते सगळं बंद.

डॉक्टरांनी विचारलं, बरं झाल्यावर पहिलं काय करायचंय? मी म्हटलं, कापायचंय. ते दचकलेच. मग वन्संनी सांगितलं, "आमचं शिवणाचं दुकान आहे. वहिनी कापते, मी शिवते. हिच्यासारखं कापणारं कोणी नाही." वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. एकतीस वर्षं आम्ही एका छपराखाली आहोत, त्यातली शेवटची पाच ह्यांच्याशिवाय. वयाने लहान आहेत, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला अगंतुगं. ते आता बदलायचं नाही.

८ मार्च

घरी आले. पलंग विटांवर चढवलाय, खुर्चीत दोन उशा घातल्यात, संडासावर उंच बैठक बसवलीय. राणीचा थाट, फक्त राणीला स्वतःचे मोजे घालता येत नाहीत. पायात रक्त साकळू नये म्हणून ते घट्ट मोजे आहेत, पोटरीपर्यंत, आणि वाकायची तर बंदी. वन्सं जमिनीवर बसून माझं पाऊल मांडीवर घेतात आणि इंचाइंचाने वर ओढतात. मला कानकोंडं होतं. त्या म्हणतात, "गप्प बस, कोटाची बाही उलटवतेय असं समज."

दुकान म्हणजे पुढची खोली. पलंगावरून टेबलाचा कोपरा दिसतो. मी विचारलं, कात्री? "पेटीत आहे. कोणी हात लावलेला नाही." नव्या कपड्यांची कामं त्यांनी दोन महिने थांबवलीत. उसवलेलं, फाटलेलं, लांबी कमी-जास्त करायचं, तेवढंच घेतात. गिऱ्हाइकं थांबायला तयार आहेत म्हणे. थांबतील नाही तर काय करतील? कापणारी मी एकटीच.

पावलं चाळीस.

१४ मार्च

पडून पडून डोकं सैतानाचं घर झालंय. आज उगाचच चष्मेवाली आठवली.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे दुसऱ्या मशीनवर होती. जाड चष्मा, तोंडात शब्द नाही, हात बरा. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती आणि एकूण एक स्कर्ट डावीकडे खाली उतरलेला निघाला. शाळेच्या बाईंनी माझ्या तोंडावर टाकले. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. ती काय म्हणाली माहितेय? "काकू, एकदा तुमचं कापलेलं मोजून बघा ना." माझं! मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ऊठ मशीनवरून. त्याच दिवशी वाटेला लावलं. रडली नाही. कैची, अंगठ्याची टोपी आणि बसायची गादी पिशवीत भरली आणि गेली.

त्यानंतर एक कपडा वाकडा आला नाही. एक नाही! ह्याहून आणखी पुरावा काय पाहिजे?

आज वन्संना म्हटलं, चष्मेवाली काय करत असेल हो? त्यांच्या हातातला मोजा सुटला. "कोण जाणे," म्हणाल्या. "तुझं पाऊल सरळ धर."

२ एप्रिल

वॉकर गेला, काठी आली. डाव्या हातात धरायची. मला वाटलं होतं दुखऱ्या बाजूला धरतात. हवालदारीण म्हणाली, सिनेमातले लोक चुकीच्या बाजूला धरतात.

आज तिने मला कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. म्हणाली, "सरळ उभ्या राहा." मी म्हटलं, राहिलेच आहे. "नाही. डावीकडे झुकताय." खांदे धरून मला मध्यावर आणलं तर मला वाटलं आता उजवीकडे पडते! ती म्हणाली, "उजवा खुबा दुखायचा म्हणून चार-पाच वर्षं तुम्ही सगळा भार डावीकडे टाकत होतात. अंगाला तेच सरळ वाटायला लागलं. आता सांधा नवा आहे, अंगाला नव्याने शिकवायचं." मी म्हटलं, बाई गं, माझा धंदाच सरळ रेघेचा आहे, तू मला सरळ शिकवतेस? ती हसली. वन्सं दारात उभ्या होत्या, त्या चहा बघायला आत गेल्या. चहा तर मघाशीच झाला होता.

रोज दहा मिनिटं आरशासमोर. शिक्षा आहे.

१३ एप्रिल

सहा आठवडे. डॉक्टर खूश. उभं राहून काम करायला हरकत नाही म्हणाले, अर्धा-अर्धा तास. वाकायचं मात्र नाही. म्हणून टेबलाच्या चारी पायांखाली विटा गेल्या. उद्या!

१४ एप्रिल

कापलं!!

बँकवालीचा स्कर्ट. राखाडी, अंगाला जड कापड. बँकवाली आमचं सर्वांत किरकिरं गिऱ्हाईक, म्हणून मुद्दाम तिचाच घेतला. कापड दुहेरी घातलं, हाताने निपटलं, खडू लावला. पेटीतून कात्री काढली. ह्यांनी दिलेली कात्री. बोटं आत गेली आणि वाटलं, आहे, मी अजून आहे. हे गेले, खुबा गेला, पण हे आहे. हे जर गेलं असतं तर मोजे घालून घ्यायला तरी कशाला उठायचं?

कात्री कापडातून अशी गेली की मलाच नवल वाटलं. मनगट उभं राहिलं होतं. गेली काही वर्षं मनगट भरून यायचं, आज नाही आलं.

तुकडे वन्संना दिले. त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली, "काय कापतेस गं वहिनी." नेहमीप्रमाणे मी म्हटलं, चला, तोंडपूजा पुरे.

१७ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही.

बँकवालीने स्कर्ट घालून बघितला. डावीकडे अर्धं बोट वर चढलेला. आरशात स्पष्ट दिसत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. ती चांगल्या शब्दांत म्हणाली, "काकू, अजून बरं नाही वाटत का? माझी घाई नाहीये." तिने किरकिर केली असती तर परवडलं असतं. बँकवालीला माझी कीव आली.

हात गेला माझा. खुबा बसवला आणि हात घालवला. आगीतून फुफाट्यात.

वन्सं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला वाटलं माझ्यासाठी. म्हणत होत्या, "माझीच चूक झाली असेल वहिनी, माझ्याकडूनच शिवताना..." मी म्हटलं, उगाच माझं झाकू नका. तुमची शिवण मला माहितेय.

पावलं शून्य. हवालदारणीला सांगितलं डोकं दुखतंय.

१८ एप्रिल

आज वन्सं धागे आणायला बाहेर गेल्या तेव्हा स्कर्ट घेतला आणि उसवायला बसले. चूक किती आणि कुठे झाली ते तरी बघू.

उसवलं. उजवी बाजू: माझी कड, स्वच्छ, एका ओढीची. डावी बाजू: कड कुरतडलेली. माझी कात्री लांब पात्याची आहे, ती कुरतडत नाही. लहान कात्रीने तिरपी पट्टी काढलेली होती, वरून काही नाही आणि खाली येताना अर्धं बोट. शिवायच्या आधी. वन्संच्या मशीनखालच्या डब्यात ती पट्टीही सापडली. मला वाकता येत नाही, काठीने डबा ओढून घेतला.

पट्टी जागेवर ठेवून मोजलं. डावं-उजवं सारखं. धाग्याचाही फरक नाही. मी बरोबर कापलं होतं.

एक मिनिटभर इतका आनंद झाला! मग दुसरा विचार आला. वन्संनी असं कशाला केलं? गेल्या बारा वर्षांत त्यांची टीप वाकडी आलेली नाही, आणि ही पट्टी चुकून काढलेली नाही. जिथे काढायची तिथे, न बघता, सवयीने काढलेली दिसत होती.

अंगावरचा झगा बघितला. दोन वर्षांपूर्वीचा, मीच कापलेला. शिवण आतून उलटून बघितली. डावी कड कुरतडलेली. कपाटातला कोट काढला. डावी. लेकीने मागे ठेवलेला जुना ड्रेस. डावी. सगळीकडे डावी, सगळीकडे अर्धं बोट.

वरचा थर उजवा होतो आणि खालचा डावा, कारण खडू मी नेहमी वरच्या थरावर, उजव्या बाजूचाच लावते. मी डावीकडे कलून उभी राहायचे. माझ्याबरोबर कात्री कलायची. कलली की दुहेरी कापडात खालचा थर वरच्याहून जास्त निघतो, हे मी शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात शिकले होते. दुसऱ्यांना शिकवलंय.

आता खुबा बरा झाला, मी सरळ उभी राहिले, सरळ कापलं, आणि वन्संनी सवयीने माझी नसलेली चूक कापून टाकली.

१९ एप्रिल

सकाळी त्या मोजे घेऊन आल्या. मी पट्टी त्यांच्या समोर धरली. म्हटलं, हे काय आहे?

त्यांनी मोजे खाली ठेवले. मग म्हणाल्या, "तुला कळायला नको होतं."

किती वर्षं?

"चार."

प्रत्येक कपडा?

"प्रत्येक. वहिनी, ऐकून तर घे. दादा गेल्यावर तू जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. फक्त टेबलापाशी उभी राहिलीस की माणसात यायचीस. तुला सांगितलं असतं की कापणं बिघडलंय, तर तू कात्री ठेवली असतीस. मग तुझं काय राहिलं असतं? अर्धं बोट तर होतं. मी काढून टाकायचे. कोणाचं काय बिघडलं?"

मी म्हटलं, चष्मेवालीचं.

त्या मोजे घडी करायला लागल्या. "मला तेव्हा ठाऊक नव्हतं गं. ती गेल्यावर लक्षात आलं. मग कुठल्या तोंडाने बोलावणार?"

मी ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले. केसाने गळा कापलात म्हटलं. रोज 'काय कापतेस गं' म्हणायचात आणि पाठ वळली की कात्री काढायचात! मी गिऱ्हाइकांपुढे नाक वर करून मिरवायचे आणि तुम्ही मूग गिळून बघत बसायचात! मला चुकतेस म्हणाला असतात तर मी रडले असते, चिडले असते, आणि हा खुबा तेव्हाच बदलून घेतला असता. चार वर्षं कळा सोसल्या मी, कारण काम तर नीट होतंय असं वाटत होतं. काम नीट होत नव्हतं, तुम्ही ते नीट करत होतात!

त्या म्हणाल्या, "पाऊल पुढे कर. मोजे घालायला उशीर होतोय."

मी म्हटलं, माझ्या पायाला हात लावू नका.

२२ एप्रिल

तीन दिवस वन्संशी बोलले नाही. मोजे स्वतः घालते. हवालदारणीने युक्ती दाखवली: पुठ्ठ्याची पन्हळ करायची, मोजा तिच्यावर चढवायचा, दोन बाजूंना पट्ट्या बांधायच्या, पाय आत सारून पट्ट्या ओढायच्या. पट्ट्या मी मोजायच्या टेपच्या केल्या. एक मोजा चढवायला पाऊण तास गेला, आणि सगळ्या वेळात वन्सं मशीनवर बसून होत्या. मशीन चालत नव्हतं. टाच तिरकी बसली होती. तशीच दिवसभर हिंडले.

लेकीचा फोन आला. सांगितलं तिला. ती म्हणाली, "आई, आत्याने प्रेमापोटीच केलं ना." म्हणजे हिलाही माहीत होतं! विचारलं. "तू जेवलीस का?" म्हणाली. बँकवालीला? "बहुतेक नसेल." बहुतेक! अळीमिळी गुपचिळी, आणि मध्ये मी, मोठ्या कात्रीवाली.

चार वर्षं रोज तोंडावर खोटं बोलायला कसं जमतं माणसाला? मला एक दिवस जमायचं नाही.

२८ एप्रिल

हवालदारणीने विचारलं, आता पुढचं काय ठरवायचं? टेबलापर्यंत तर पोचलात. मी म्हटलं, जिने. कुठले? ड्रायक्लीनच्या दुकानावर एक खोली आहे, तिथले. चष्मेवाली तिथे कपडे दुरुस्त करते, हे बँकवालीकडून कळलं. लोखंडी, उघडा जिना आहे, सतरा पायऱ्या.

तिने दारातल्या पायरीवर शंभरदा घोकून घेतलं. चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्याबरोबर. मी म्हटलं, दुखरा आधी म्हणजे उलटंच ना? म्हणाली, "उतरताना भार चांगल्याने तोलायचा असतो."

आरशासमोर दहा मिनिटं. आता मध्यावर उभं राहिलं की पडल्यासारखं वाटत नाही. ह्याचा आनंद मानावा की नाही तेच कळत नाही.

४ मे

वन्सं म्हणाल्या, मी येते. मी नको म्हटलं. तरी पाठोपाठ आल्या, दहा पावलं मागे. जिन्याखाली थांबल्या. "मी वर येत नाही वहिनी. मला नाही जमायचं." तोंड एवढंसं झालं होतं.

सतरा पायऱ्या. मध्ये दोनदा थांबले. खाली बघितलं तर वन्सं दोन्ही हात पुढे करून उभ्या, मी पडले तर जशा काही झेलणारच होत्या.

चष्मेवालीने दार उघडलं. चष्मा आणखी जाड झालाय. खोलीत एक मशीन, एक दिवा, खिडकीपाशी तीच आमच्याकडची गादी. बसा म्हणाली नाही. खुर्चीही बुटकी होती, मला चालली नसती.

मी घोकून गेले होते ते सगळं विसरले. म्हटलं, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. चूक माझ्या कापण्यात होती. मला माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणते.

ती म्हणाली, "माहितेय मला."

म्हटलं, तू मोजून बघा म्हणालीस, मी ऐकलं नाही. तेव्हा कोणालाच कळलं नव्हतं गं.

तिने चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "कोणालाच कसं? तुमच्या वन्संना मीच दाखवलं होतं. त्याच दिवशी सकाळी. तुमचे कापलेले दोन्ही थर एकावर एक ठेवून दाखवले. त्यांनी बोट लावून मोजलं. म्हणाल्या, मी वहिनीशी बोलते. मग शाळेच्या बाई आल्या, तुम्ही मला बोलायला लागलात, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. त्या मशीनवर जाऊन बसल्या."

मी काठीची मूठ घट्ट धरली. म्हणजे त्या दिवशी, पट्टी समोर असताना, सगळं उघड झालेलं असताना, 'ती गेल्यावर लक्षात आलं' म्हणून त्या परत खोटं बोलल्या.

परत येशील का, असं विचारलं मी. मूर्खच मी. ती म्हणाली, "नाही काकू. माझं बरं चाललंय."

मी वळले. तर ती म्हणाली, "थांबा." गळ्यातली टेप काढली. "सरळ उभ्या राहा." मी राहिले, आरशासमोर राहते तशी, काठी भिंतीला टेकवून. ती गुडघ्यांवर बसली. उजवीकडे कमरेपासून जमिनीपर्यंत मोजलं. मग डावीकडे. मग परत उजवीकडे. तिचा हात तसाच आहे, हलका. चार वर्षांपूर्वी ह्या हाताला मी वाकडा म्हटलं होतं.

"सारखं आहे," म्हणाली. उठली आणि दार लावून घेतलं.

उतरताना दुखरा पाय आधी. सतरा. वन्सं शेवटच्या पायरीपाशी आल्या, पण हात धरायचं धाडस झालं नाही त्यांचं. मीच कोपर पुढे केलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

म्हटलं, सारखं आहे म्हणाली. मोजून बघितलं तिने.

पुढे दोन दुकानं गेली. मग अगदी बारीक आवाजात, "आणि माझ्याबद्दल काही म्हणाली?"

त्यांच्याकडे बघितलं. अठ्ठावन्न वर्षांचं पोर दिसत होतं. दादा, वहिनी आणि एक मशीन, एवढ्यावर आयुष्य काढलेलं.

म्हटलं, नाही हो. तुमचा विषयच निघाला नाही.

त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. घरी येऊन चहा केला, गाणं गुणगुणल्या. संध्याकाळी मोजे काढायला बसल्या आणि मी पाय पुढे केला. सगळा वेळ त्यांच्या भांगाकडे बघत होते. त्यांना काही कळलं नाही.

चार वर्षं कसं जमलं म्हणून मी विचारत होते. सहज जमतं.